तीन पट्ट्या खाली

६ एप्रिल
नाही येत. आज परत करून पाहिलं. निरंजन डेअरीला दूध घालायला गेला होता, सासूबाई गोठ्याकडे. दार लावून गायले. मधले सूर ठीक, थोडे घोगरे. वरचा गंधार आला की नुसती हवा! जणू कुणी तोंडावर हात ठेवलाय.

गळ्यातली गाठ साधी निघाली, हे विसरायचं नाही. जानेवारीत रिपोर्ट हातात येईपर्यंत आम्ही दोघं जेवत नव्हतो. तेव्हा म्हणत होते, आवाज गेला तरी चालेल. आता चालत नाही! माणूस किती लबाड.

डॉक्टर म्हणाले होते, "बोलणं येईल. वरच्या सुरांचं आत्ता सांगता येत नाही."

आणि पुढच्या महिन्यात जुईलीचं लग्न. नणंदेसाठी गाणं मीच बांधलंय, हळदीला मीच गाणार, हे सगळ्या घोटावड्याला ठाऊक. गाता येत नाही हे मात्र कुणालाच नाही.

९ एप्रिल
साथीला पेटीवाला असता तर प्रश्नच नव्हता. "दादा, जरा खाली घ्या" म्हटलं की झालं. पण आरोही व्हायोलिन वाजवते, भूगावचा सौरभ क्लॅरिनेट, आणि दोघंही कागद बघून. पाच रेघा, त्यावर ठिपके. तो कागद मीच काढून दिलाय, पांढरी एकमध्ये, म्हणजे त्यांच्या भाषेत सी. म्हणजे तो मलाच बदलायला हवा.

बरंय, माझा प्रोग्रॅम म्हणजे नुसतं टायपिंग. सुरांची अक्षरं ओळीने लिहायची, तो रेघा-ठिपके छापून देतो. पट्टी बदलायला सूर पुन्हा लिहावे लागत नाहीत. वर एक आज्ञा लिहायची : या सुरावरून त्या सुरावर. आज एक पट्टी खाली घेतलं, सी वरून बी. एकच. कुणाच्या लक्षातही येणार नाही.

दोघांना पाठवून दिलं. ऐकून बघायचा धीर झाला नाही.

१० एप्रिल
सौरभचा फोन, मी हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये. "वहिनी, हे गाणं आहे की कुकरची शिट्टी?"

गाणं खाली जायच्या ऐवजी वर गेलं होतं! जवळजवळ सप्तकभर! बी नंतर एक स्वल्पविराम द्यायचा असतो – खालचा बी, असं सांगायला. तो राहिला. एक टिंब आणि त्याची शेपटी! ऑफिसात दिवसभर दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधते मी.

जाम हसले. किती दिवसांनी.

१३ एप्रिल
स्वल्पविराम दिला. दार लावून गायले. एक पट्टी खाली – तरी हवाच.

दोन पट्ट्या. आला, पण फाटका.

तीन. सी वरून ए. आला! गोड नाही, पण अख्खा आला. पलंगावर बसूनच राहिले. तीन पट्ट्या खाली म्हणजे ते गाणंच राहिलं का? मी ते बांधलं ते त्या वरच्या गंधारासाठी. तिथं बायका माना वर करतील म्हणून.

१६ एप्रिल
तीन पट्ट्या खालचा कागद काल दोघांना पाठवला. आरोहीचा मेसेज : "ताई, तिसऱ्या ओळीतला सूर माझ्या व्हायोलिनवर नाहीये. सगळ्यात जाड तारेच्याही खाली जातोय." खरंच की! प्रोग्रॅम बिचारा सांगेल ते छापतो. व्हायोलिन कुठं संपतं, त्याला काय माहीत.

मग ती ओळ सौरभला दिली. क्लॅरिनेटला खाली भरपूर जागा. आरोहीला त्यावर एक वेगळी ओळ लिहिली. संध्याकाळी तिने वाजवून पाठवली. छान आहे! आधीच्या गाण्यात ही ओळ नव्हतीच.

२० एप्रिल
जुईलीला सांगितलं. साड्यांना फॉल लावत बसलो होतो. म्हटलं, "जुई, माझा आवाज वर जात नाही गं. ऑपरेशनपासून."

तिने सुई खाली ठेवली. "आणि एवढे दिवस एकटीच घेऊन बसलीस?"

"तुझं लग्न..."

"वहिनी, मग खाली गा ना! लग्न माझं हाय, सूर कोण मोजतंय?"

एवढंच. चार महिने छातीवर बसलेलं ते एवढंच होतं.

निरंजनला सांगितलं. तो म्हणाला, "मला माहीत होतं. दार लावतेस ना, तेव्हा मी बाहेर ओट्यावर थांबतो."

रागवायला हवं होतं. नाही रागवले.

९ मे, हळद
आज जे झालं ते नीट लिहिते.

अंगणात मांडव. वरच्या खोल्यांतली भाडेकरू पोरंही जिन्यावर दाटीवाटीने. पहिलं कडवं मी गायले. गंधार आला आणि गेला. कुणी मान वर केली नाही.

दुसऱ्या कडव्याला शेजारून कुणीतरी गायला लागलं. जाड, मातकट, पण सुरात. बघते तर सासूबाई! हळदीचा हात तसाच धरलेला, डोळे मिटलेले. लग्न होऊन नऊ वर्षं झाली, या घरात मी त्यांना गुणगुणतानाही ऐकलं नव्हतं. मग गोजराबाई, आमच्या चुलत सासू. मग ध्रुवपदाला त्यांच्या मागची अख्खी रांग! सौरभने मला डोळ्यांनी विचारलं, थांबू? मी मानेनेच नाही म्हटलं. जिन्यावरून पोरं ओरडली, "भाभी, फिर से!" परत गायलो. तिसऱ्यांदाही.

नंतर मोरीपाशी हात धुताना मी विचारलं, "आई, तुम्हाला सगळे शब्द कसे पाठ?"

"आपरेशनच्या आदी तू रोज म्हनायचीस की. मला लई आवडतं. पर ते तुजं गानं पार वर असायचं. आमचा गळा तितं पोचत न्हाई. म्हनून गप ऐकायची. आज कसं हाताशी आलं."

११ मे
जुई सासरी गेली. घर रिकामं. आई भांडी लावताना तेच गुणगुणतायत.

१९ जून
डॉक्टरांनी घशात कॅमेरा घालून पाहिलं. "नस जागी होतेय. दिवाळीपर्यंत वरचे सूरही येतील." गाडीत बसून पोटभर रडले.

घरी येऊन सांगितलं. आई भाकरी थापत होत्या. "देव पावला," म्हणाल्या. मग हात थांबला. माझ्याकडे न बघता, "मंग आता गानं परत वर न्हेशील व्हय?"

"नाही आई. तिथं मी एकटीच असते."