प्रुइटनी काढलेलं तिकीट

प्रिय आई,

मी धड पोचले. डेलरॉयच्या हाताचं ऑपरेशन चांगलं झालं, नातवासाठी तू रडत बसू नकोस. इन्सुलिन वेळेवर घेतेस ना?

आता वाईट बातमी. गोड करून सांगणं मला जमत नाही. टायरवाल्या प्रुइटनी माझं इथवरचं बसचं तिकीट काढलं, ते भोवलं. खेळाडूच्या घरच्यांनी टीमच्या चाहत्यांकडून फुकट काही घ्यायचं नाही, असा कॉलेजांचा नियम आहे म्हणे, आणि प्रुइट तर टीमचे जुने चाहते. डेलरॉयला वर्षभर बंदी. आणि हे त्याचं शेवटचं वर्ष!

मी ऑफिसात जाऊन भांडले. "त्याच्या नंबरचे शर्ट विकता, त्याच्या जिवावर स्टेडियम भरता, त्याला दमडी देत नाही. आणि त्याची आई बसमध्ये बसली की गुन्हा?" तिकिटाचे पैसे टेबलावर आपटले. साहेब म्हणाला, "बाई, आता उशीर झाला."

डेलरॉय मला एका शब्दाने बोलला नाही. "आई, तू आलीस ते बरं झालं," एवढंच. शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं.

प्रुइटना काही बोलू नकोस. माणूस चांगला आहे.

आज मॅच आहे. बस स्टँडवर जिकडेतिकडे त्याचाच चौतीस नंबर. तसाच शर्ट घातलेली एक बाई म्हणाली, "किती गारठलात हो! चला, कॉफी पाजते. तुमचं कुणी खेळतं का इथं?"

मी म्हणाले, "कॉफी नको. आणि माझं इथं कुणी नाही."

उद्या घरी येते.

तुझी,
व्हर्लीन