नव्या चौकातली जागा

परभणी, माघ महिना

तीर्थरूप मायला,
ग्यानबाचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. येडबादादा वाचून दाखवील ते नीट ऐक.

माय, आमची ठेसनाजवळची वस्ती आता शहरात धरली. जुना बाजार पाडायलेत. तिथं रुंद सडक, दगडी दुकानं अन् मधी मोठा चौक व्हायलाय. मला तर नुसतं बघत बसावं वाटतंय.

आपलं घोंगड्याच्या दुकानाचं छप्पर बी पाडलं. पण तू घोर करू नको. तुझ्या सुनेनं तहसीलदारसायबाला वाटंतच गाठलं. म्हणली, "सायेब, शहर लय मोठं होऊ द्या, पण थंडीत त्याला घोंगडी लागंल का न्हाई?" सायेब हसले. दुसऱ्याच दिवशी चौकात आमाला जागा आखून दिली.

आमचं राहणं बी दुकानातच होतं, म्हणून नवं दुकान उभं होईस्तोवर आमी धर्मशाळेत राहायलोत. लेकरू जरा खोकतंय, बाकी बरं हाय. तुझी कंबर कशी हाय? मेंढ्या कातरल्या का?

पहिली घोंगडी तू कातलेल्या सुताची पाहिजे. दुकान उभं झालं की दिवस कळवतो, मग सूत घेऊन चुडाव्याहून रेल्वेत बस, मी ठेसनावर उभा राहतो. तू आल्याबिगर दुकान उघडणार न्हाई.

तुझी वाट बघणारा,
ग्यानबा