दोनदा चाळलेली राख

आई, त्या सकाळी तुम्ही अंगणात बसून राख चाळत होतात. मी गोठ्यातलं शेण काढून टोपली उकिरड्यावर रिकामी केली, दोन हंडे पाणी आणलं, मुलीची वेणी घातली आणि डब्यात भाकरी नि सुक्या बोंबलाची चटणी भरताना ओटीवरून तुमच्याकडे बघत होते. जुन्या लुगड्याचा तुकडा टोपावर ताणून बांधायचा, मूठमूठ राख त्यावर टाकायची आणि बोटांनी फिरवत राहायचं. वर उरेल ती भांड्यांना. खाली पडेल ती पिठाहून मऊ राख पुन्हा एकदा चाळून पत्र्याच्या डबीत भरायची आणि डबी देवाच्या फळीवर ठेवायची. ती बाळांच्या नाळेसाठी. धाकट्या जावेला सातवा महिना लागला होता, म्हणून तुमची तयारी चालली होती. माकुणसारच्या आमच्या आळीतली निम्मी पोरं तुमच्या हातावर जन्मलेली, आणि घरात त्या डबीइतकी जपलेली दुसरी वस्तू नव्हती. तुम्ही शेळ्या सोडायला परसात गेलात तेव्हा मी डबी उघडली, चिमूटभर राख कागदाच्या पुडीत बांधली, पुडी पिशवीत तळाशी ठेवली आणि एसटी पकडून पालघरला कामावर गेले.

पुडीचं तुम्हाला नंतर कळलं, पण अर्धंच. उरलेलं अर्धं मी कधी सांगितलं नाही. आता माझं वय तुमच्या तेव्हाच्या वयापुढे गेलं आहे. परवा नात बोईसरच्या कॉलेजातून आली, तिच्या पुस्तकातलं एक चित्र बघून मी न वाचताच त्या जंतूचं नाव सांगितलं. ती म्हणाली, "आजी, तुला कसं गो माहीत?" तिला काहीतरी सांगून वेळ मारून नेली. तुम्हाला मात्र खरं सांगायला बसले आहे.

मी पालघरच्या दवाखान्यातल्या लॅबमध्ये पोचले ती तुमच्यामुळे. तुमचा मुलगा काविळीनं गेला तेव्हा मुलगी तीन वर्षांची होती. तेराव्याला चुलत सासरे सगळ्यांसमोर म्हणाले, सुनेला आता माहेरी पोचवा. तुम्ही पदर खोचून उभ्या राहिलात. "पोरगा गेला माजा. आता सून बी घालवू? ती कुटं नाय जायाची." मग ज्या आयाबाईचं बाळंतपण तुम्ही केलं होतं, तिच्या मागे लागून तुम्ही मला पालघरच्या दवाखान्यात बाटल्या धुण्याचं काम मिळवून दिलंत. चौथी शिकलेली मी. सकाळची भाकरी तुम्ही तुमच्याकडे घेतलीत, मुलीला सांभाळलंत, आणि रोज संध्याकाळी मी चप्पल काढायच्या आत विचारायचात, "आज काय वाचलंस?" तुम्हाला अक्षर येत नव्हतं. म्हणून मी बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या वाचून पाठ करायची, औषधांच्या खोक्यांतले कागद घरी आणायची. मला इंग्रजी अक्षरं लागली ती तुमच्या त्या प्रश्नाला रोज काहीतरी उत्तर हवं म्हणून.

लॅबच्या डॉक्टरीणबाई कडक होत्या. कामाच्या पहिल्या महिन्यात मला एक बाटली दिसली, तळाशी खिम्यासारखं मांस, वर पाणी, त्यात बुडबुडे आणि सडका वास. खराब झालं असं समजून मी ती उकळायच्या भांड्यात टाकणार, तोच बाई ओरडल्या, "वास आला तर टाकून द्यायचं ते स्वयंपाकघरात. इथं वास आला की आधी मला हाक मारायची!" मग राग उतरल्यावर त्यांनीच समजावलं. ऑपरेशनच्या खोलीतली धूळ कापसाच्या काडीवर घेऊन त्या अशा बाटलीत सोडायच्या. जनावराचं हृदय बारीक करून, शिजवून, त्याच्या पाण्यात ठेवलेलं असतं ते. काही जंतूंना हवा सोसत नाही. ते मांसाच्या तळाशी लपून वाढतात, कुणी वायू करतो, कुणी मांस गुलाबी करतो, कुणी काळं. त्यांचं एक मोठं घराणं आहे, क्लॉस्ट्रिडियम नावाचं. एक चिरडलेल्या पायात शिरून तो सडवतो, एक बंद डब्यातल्या अन्नात विष करतो, आणि एक धनुर्वाताचा. पुढे ते मांस बारीक करायचं काम माझ्याकडेच आलं. चरबी आणि शिरा काढायच्या कशा हे मला कुणी शिकवायची गरज पडली नाही.

एक दिवस बाईंनी मला धनुर्वाताच्या जंतूची काच भिंगाखाली दाखवली. शिकाऊ नर्सना सांगत होत्या, मी बाजूला उभी राहून ऐकत होते. बाळ पाच-सहा दिवस चांगलं पितं, मग तोंड उघडत नाही. ओठ आवळतात, हसल्यासारखं दिसतं. भांडं पडलं, दार वाजलं की अंग धनुष्यासारखं वाकतं. हा मातीत असतो, शेणात असतो, नाळेवर काही चोळलं की आत जातो. माझ्या हातातला ट्रे मी टेबलावर ठेवला. आई, तुम्हाला आठवत असेल, आपल्या थोरल्यानं, माझ्या पहिल्या बाळानं, सातव्या दिवशी सकाळी तोंड उघडलं नाही तेव्हा तुम्ही म्हणालात, "बग कसा हसतो." मग माझ्या हातून तांब्या पडला आणि तो वाकला. आठव्या दिवशी गेला. सटवाईनं नेला, सगळे म्हणाले, आणि मीही तेच धरून बसले होते. त्या जंतूला लांबलचक नाव होतं. माझ्या मुलाचं बारसंही झालं नव्हतं.

तो गेला त्यानंतरचे दिवसही मला त्याच टेबलापाशी आठवले. दूध थांबत नव्हतं. तुम्ही कुणाच्या तरी वाडीतून मोगऱ्याची फुलं मागून आणायचात, छातीवर बांधायचात, वरून फडकं आवळायचात आणि मी कण्हले की माझ्याआधी तुम्ही रडायचात. त्याच हातांनी तुम्ही राख लावली होती. दोन्ही हात एकाच बाईचे, हे मला काही केल्या जुळवता येईना.

राखेची पुडी बाईंपुढे ठेवली तेव्हा त्यांनी विचारलं, "कुठली?" मी म्हटलं, "घरची." त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि पुडी सोडली. राख थोड्या पाण्यात कालवून त्यांनी दहा मिनिटं तापवली. बाकीचे जंतू त्यात मरतात, हा आपल्या कवचात बसून राहतो. मग ते पाणी मांसाच्या बाटलीत सोडलं आणि हवा आत जाऊ नये म्हणून वर तेलाचा थर दिला. अंगाइतक्या उबेच्या पेटीत ती बाटली होती तेवढे दिवस मी दिवसातून चारदा जाऊन बघायची. चौथ्या दिवशी मांस काळसर पडलं. बाईंनी काचेवर थेंब घेतला, रंगवला, बघितला आणि बाजूला सरकल्या. बारीक काड्या, प्रत्येकीच्या एका टोकाला गोल डोकं, ढोल वाजवायच्या काठीसारखं. मी म्हटलं, "तोच ना?" बाई म्हणाल्या, "दिसण्यावरून नाव ठेवायचं नाही. असे दिसणारे दुसरेही असतात." मग त्यांनी तो रक्त घातलेल्या ताटलीवर, हवा काढलेल्या बरणीत वाढवला. ताटलीवर धुक्यासारखा पातळ पापुद्रा कडेपर्यंत पसरला. तरी त्या सही करेनात. मुंबईच्या मोठ्या लॅबमध्ये पाठवला. तिथे दोन उंदरांना देतात, एकाला आधी धनुर्वातावरचं औषध टोचलेलं, एकाला नाही. औषध नसलेला ताठला. कागद आला तेव्हा जावेला आठवा महिना संपत आला होता.

घरी त्या दिवसांत मी तुमच्याशी हो-नाहीपुरतं बोलत होते. तुम्हाला वाटलं कामाचा शीण. तुम्ही माझ्यासाठी जवळ्याची भजी केलीत. जावेचं पोट खाली उतरलं होतं, डबी फळीवर होती, आणि मला काहीतरी बोलणं भाग होतं. म्हणून म्हटलं, आई, उद्या माझ्याबरोबर पालघरला चला. "मला काय झालंय, दवाखान्यात नेतेस ती?" तुम्ही विचारलंत. मी म्हटलं, "तुम्हाला नाही. तुमच्या राखेला झालंय." पुडीचं सांगितलं तेव्हा तुम्ही रागावला नाहीत. म्हणालात, "चोरून नेलीस? मागितली अस्ती तर वाटीभर दिली अस्ती."

बाईंनी तुम्हाला स्टुलावर बसवलं. भिंगाला डोळा लावून तुम्ही म्हणालात, "नुस्ते केस दिसतात गो." बाई हसल्या. "त्या तुमच्याच पापण्या, आजी. जरा मागे व्हा." मग तुम्ही जरा मागे सरून पुन्हा बघितलंत. "काठ्या हायत. डोक्याच्या."

"त्या तुमच्या राखेत होत्या, आजी."

"माजी राख मी दोनदा चाळते," तुम्ही म्हणालात. बाईंचा आवाज एकदम खाली आला. त्या म्हणाल्या, आगीतून राख निघते तेव्हा तिच्यात काही नसतं, चाळताना अंगणातली धूळ पडते, आणि हे जंतू कुठल्याही फडक्यातून जातात. नाळेला काही लावायचं नाही, सुकी ठेवायची, आईला दोन इंजेक्शनं द्यायची. मग माझ्याकडे बघत त्या सावकाश म्हणाल्या, "राखेत होतं, एवढंच मी सांगू शकते. कुठल्या बाळाला कशानं झालं, ते आता कुणालाच सांगता येणार नाही." ते तुमच्यासाठी नव्हतं, आई, माझ्यासाठी होतं.

एसटी स्टँडवर आपण बाकावर बसलो. मी तुम्हाला चहा आणून दिला, तो तुमच्या हातात गार झाला. "मंग आपल्या थोरल्याला हेच झालं का?" तुम्ही विचारलंत.

"नाय आई. तो जन्मताच अशक्त होता."

"अशक्त नवता. या हातावर तोलला मी त्याला." एवढं बोलून तुम्ही चहा पिऊन टाकलात. गाडीत खिडकीशी बसलात, हात पदराखाली घेतलेत, आणि माकुणसार येईपर्यंत बाहेर काढले नाहीत. पुन्हा तुम्ही तो प्रश्न कधी विचारला नाही.

पण त्यानंतर तुम्ही जे केलंत ते मला कुठल्या पुस्तकात सापडलेलं नाही. ज्या ज्या घरी तुम्ही बाळंतपणं केली होती त्या घरी तुम्ही स्वतः चालत गेलात. डोंगराकडच्या पाड्यांवरसुद्धा, गुडघे दुखत असताना. "राख लावायची नाय, शेण लावायचं नाय, मी लावली ती चुकी केली," असं दारात उभं राहून सांगितलंत. लोक हसले. "म्हातारीला सुनेनं डाक्टरीण केली," विहिरीवर एक बाई म्हणाली. तुम्ही हंडा खाली ठेवून तिला म्हणालात, "डाक्टरीण नाय, पन भिंगातून बगितलंय मी. तू बगितलंस?" इतक्या वर्षांचं नाव स्वतःच्या तोंडानं खोडायला तुम्हाला किती जड गेलं असेल, ते मला आता, म्हातारपणी, थोडंसं कळतं. मी लॅबमध्ये एकतीस वर्षं काढली. चुकलं हे इतक्या सरळ म्हणणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

आणि प्रत्येक दारात तुम्ही माझं कौतुक केलंत. "माज्या सुनेला धाकटीच्या बाळाची काळजी, म्हनून तिनं राख तपासून आनली." मी शेजारी उभी राहून ते ऐकून घेतलं. आई, मी राख जावेच्या बाळासाठी नेली नव्हती. तुम्हाला पकडायला नेली होती. कागद हातात आला की तो तुमच्यापुढे टाकायचा आणि म्हणायचं, बघा, माझा मुलगा तुम्ही मारलात. ते वाक्य मी कितीतरी दिवस एसटीत बसून मनात घोळवलं होतं. स्टँडवर तुम्ही आपणहून विचारलंत तेव्हा कागद माझ्या पिशवीत होता.

आपण पालघरहून परत आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली, जावेला घेऊन पालघरला गेले आणि बाळंतपणासाठी तिचं नाव घातलं.