चार बोटं ताण

४ ऑक्टो. २०१३, शुक्र.
ह्यांना फिजिओकडे नेऊन आणलं. रिक्षा, मग एकेक पायरी. लकव्याला चार महिने झाले, डावा हात अजून लोंबताच. फिजिओबाईंनी रबरी नळी दिली, दाराच्या कडीला बांधून रोज ओढायची. घरी आल्याआल्या ह्यांनी ती खाटेखाली भिरकावली. "मी काय बालवाडीत हाय?" भांडायलाही अंगात जीव लागतो.

६ ऑक्टो., रवि.
केतन आला होता. बँकेत आहे, सुट्टीच्या दिवशी माणसं घेऊन प्रबळ किल्ल्याच्या पायथ्याला कॅम्पिंगला जातो. कळंबोलीचं ताडपत्रीचं दुकान चालू होतं तेव्हा ह्यांच्याकडूनच ताडपत्र्या शिवून घ्यायचा. म्हणाला, हलकं नायलॉन भिजलं की ढिलं पडतं, वर पाण्याचं तळं होतं, सारखं उठून दोऱ्या ओढाव्या लागतात. त्याला आपोआप ताण धरणाऱ्या दोऱ्या हव्यात, मध्ये रबर घातलेल्या. "काका सांगतील, काकी बनवतील. जमेल ना?"
मी नाहीच म्हणणार होते. स्वयंपाक, ह्यांची आंघोळ, औषधं, त्यात आता रबर. पण हे एकदम म्हणाले, "जमंल."
जूननंतर पहिल्यांदा कुणाला आपणहून उत्तर दिलं. मग मी कसली नाही म्हणते.

९ ऑक्टो., बुध.
दिवसभर रबर. ट्रकच्या ट्यूबची पट्टी कापली, ती ओढलीच जाईना. स्कूटरला सामान बांधायचं इलास्टिक, ते फारच मऊ. शेवटी खाटेखालून फिजिओची नळी काढली आणि वीत-वीत कापली. वाटलं, ओरडतील. म्हणाले, "हीच बरी." व्यायाम टळला ना! हसू आलं मला, खूप दिवसांनी.
रबराला लागून दोरी थोडी सैल सोडायची, म्हणजे रबर जास्त ताणलं तर शेवटी दोरी धरते. ही ह्यांची युक्ती. डोकं शाबूत आहे. गाठ मात्र माझ्याच्याने बसेना. "अशी नाय गं, उलटी." सतरा वेळा. उजव्या हाताने हवेतच मारून दाखवतात, डाव्याची साथ लागते तिथे थांबतात आणि खिडकीबाहेर बघतात.

११ ऑक्टो., शुक्र.
रंजनाताई आल्या पळस्प्याहून. नणंद म्हणून सांगत नाही, पण बाई मायेची. आल्या-आल्या भाकऱ्या टाकल्या. "वयनी, तू येकटीच मरतंस. दादाला बसव ना कामाला." म्हटलं, बसलेत की. तोंडाने.
ह्यांना आत ऐकू गेलं. असं बोलायला नको होतं.

१३ ऑक्टो., दसरा
मशीन पुसलं. कात्री, सुया, कापडात आयलेटच्या कड्या ठोकायचा पंच, हातोडी, सगळं पाटावर मांडलं, झेंडू वाहिला. दरवर्षी पूजा हे करतात. म्हटलं, उजव्या हाताने कुंकू लावा. "हत्याराला हात लावायचा तर दोन्ही लावायचं." आणि उठून आत गेले.
मीच लावलं. नंतर ओट्यापाशी रडले. कुणाला सांगणार नाही, म्हणून इथे लिहिते.

१४ ऑक्टो., सोम.
चार दोऱ्या तयार. केतनची ताडपत्री गच्चीवर बांधली. ह्यांना जिना चढवत नाही, खाली खुर्ची टाकून बसले आणि तिथून हुकूम. "पाय लाव! वड! ताडपत्री वाजली पाह्यजे!" ट्रकवाल्यांची रीत. टिचकी मारली की ढोलासारखी वाजेल आणि दोरीखाली बोट शिरणार नाही, अशी बांधायची. कठड्याला पाय लावून चारही कोपरे ओढले. तळहात सोलवटले. मग टिचकी मारली. खालून "हां!"
खाली आले तर चेहरा किती खुललेला. दुकानातला माणूस बसला होता खुर्चीत.

१६ ऑक्टो., बुध.
चार वाजता ढग, वारा, मग धो-धो. वर गेले तर एक कोपरा फडफडतोय. आयलेट कापडासकट उपटून आलंय. रबर धडधाकट. ते मी बांधतानाच पूर्ण ताणून संपवलं होतं, वाऱ्याला द्यायला काही उरलंच नव्हतं. बांधतानाच थोडं कळलं होतं मला. पण ह्यांचं ते "हां"...
खाली येऊन सांगितलं, रबर खराब निघालं.
"दाव."
दिली दोरी हातात. एक टोक पायाखाली धरून उजव्या हाताने ओढून बघितली, दोनदा. परत दिली. भात तसाच ताटात.
तीस वर्षं कळंबोलीत ज्या घट्ट बांधणीवर ह्यांचं नाव होतं, तीच इथे उलटी पडली. खोटं बोलून मी काय वाचवलं?

१७ ऑक्टो., गुरु.
केतनला फोन केला. "काकी, फुल्ल टाइट नाही करायचं. रबर अजून चार बोटं ताणलं जाईल एवढं सोडा." फोन स्पीकरवर होता, मी चपात्या लाटत होते. हे पेपर वाचत होते, म्हणजे पेपर समोर होता.
कोपऱ्याला दुहेरी ठिगळ, नवीन आयलेट. तीन दोऱ्या चार बोटं सोडून बांधल्या. चौथी राहिली, पाठ धरली.

१८ ऑक्टो., शुक्र.
बाजारातून आले तर खुर्ची रिकामी. खोलीत नाहीत, मोरीत नाहीत. मग जिन्यात काठी दिसली, सगळ्यात वरच्या पायरीवर.
पाण्याच्या टाकीला टेकून बसले होते, घामाघूम. एकटे चढले. चौथी दोरी बांधलेली. गाठ थुंकीने ओली, दातांच्या खुणा. रबर ओढून पाहिलं. चार बोटं बरोब्बर शिल्लक.
मुद्दाम ठेवली, की हाताला पुढे ओढवलंच नाही? विचारणार होते.
"वाजवून बघ," म्हणाले.
टिचकी मारली. वाजली नाही. कापड दबलं आणि परत वर आलं.
"ऱ्हाऊं दे तशीच."
मी विचारलं नाही. खाली उतरायला आम्हाला अर्धा तास लागला.

१९ ऑक्टो., शनि.
सकाळी केतन सगळं घेऊन कॅम्पला गेला. चौथ्या दोरीची गाठ त्यालाच सोडायला लावली, मी हात लावला नाही. दुपारपासून प्रबळच्या बाजूला काळं झालंय. हे खिडकीशी. तीनदा विचारून झालं, "फोन आला काय?"
म्हटलं, डोंगरात रेंज नसते.
आत्ता परत विचारलं.