बाबांनी मुका केलेला लॅपटॉप

पुएर्तो सेर्राल,
२५ जून

चिरंजीव आन्सेल्मो,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळे ठणठणीत. यंदा जूनची थंडी मरणाची पडलीय, कुत्री पुन्हा व्यायली, आणि आपला गावरेडिओ परवा बंद पडता पडता वाचला. त्याचीच गंमत सांगते.

रेडिओवरचा बाबांच्या अकॉर्डियनचा तास कमी करण्यावरून तुम्हा दोघांचं वाजलं नि तू रोसारिओला निघून गेलास. लगेच बाबांचं फर्मान: "त्या दीडशहाण्याच्या नावाने लॅपटॉप उघडायचा नाही. रेडिओ काय त्याच्या एकट्याचा आहे?" मी निमूटपणे 'रेडिओ' नावाचं नवं खातं काढलं. बाबा खूश, पण लॅपटॉप मुका! पडद्यावर एकच पालुपद, साउंड कार्ड सापडत नाही. आणि सान हुआनच्या शेकोटीच्या जत्रेत बाबांचं वादन थेट ऐकवायचं आम्ही गावाला कबूल करून बसलेलो!

"नदीची ओल धरली असेल," म्हणत बाबांनी त्याला चुलीपाशी शेकत ठेवलं. काही उपयोग नाही.

शेवटी बाबा अंघोळीला गेलेले बघून मी तुझ्या नावाने आत शिरले. (पासवर्ड अजून कुत्रीचंच नाव! कधी सुधारणार रे तू?) गाणं लावलं तर खणखणीत वाजलं. बाबा टॉवेल गुंडाळून धावत आले. आता लपवणार काय?

"कार्ड धडधाकट आहे, बाबा. पण आवाजाला हात लावायची परवानगी फक्त आन्सेल्मोला आहे. परवानगीवाल्यांच्या गटात नव्या खात्याचं नाव घालायला हवं."

"मग घाल की! माझं तोंड काय बघतेस?"

घातलं. तरी मुकाच! बाबांनी टेबलावर मूठ आपटली तेव्हा आठवलं, की खातं बंद करून पुन्हा उघडल्याशिवाय परवानगी लागू होत नाही. तूच कितीदा सांगायचास. उघडलं, आणि बाबांचं खाकरणं अख्ख्या गावाने ऐकलं. जत्रेत तर ते इतके रंगले की शेकोटी विझली तरी थांबेनात.

हो, एक राहिलंच. गटात आता दोन नावं होती. मी विचारलं, "आन्सेल्मोचं काढू?" बाबा बराच वेळ चष्मा पुसत बसले.

"राहू दे. जागा खातंय का ते?"

तू गेलास त्या सकाळी बाबांनी आपल्या सगळ्यांच्या त्या एकाच भांड्यात 'माते' पानांचा कढत चहा भरून तुझ्या हातात दिला, आणि पहिल्याच घोटाला तू आभार मानलेस. आपल्यात आभार मानले म्हणजे पुरे झालं, आता मला देऊ नका. ते त्यांना फार लागलं रे. आज सकाळी त्यांनी चहा भरला, मला दिला, मग स्वतः घेतला. तिसऱ्यांदा भरून तुझ्या रिकाम्या खुर्चीसमोर ठेवला आणि गार होईपर्यंत उचलला नाही. मला रडूच आलं.

रेडिओसाठी नको, आमच्यासाठी ये. वाद घाल, अकॉर्डियनला नावं ठेव, काहीही कर. फक्त बाबांनी भांडं पुढे केलं, की आभार मानू नकोस.

वाट बघणारी तुझी ताई,
सुनिल्दा