वीस टक्के दगडोबा

मु. ढोकी,
ता. २१ जानेवारी १९४६

प्रिय महांतप्पास दगडोबाचा रामराम. शिवकांता वहिनींना माझे शरणार्थ सांग.

इकडं सगळी खुशाली. ज्वारी हुरड्याला आली आहे. मंडळी शेतात आगटीभोवती बसून हुरडा खातात आणि मी शेजारी बसून धूर खातो. संक्रांतीला तिळगूळ तोंडात टाकला तर तीळ कवळीखाली जाऊन बसला. दोन दिवस डोळ्यांतलं पाणी खळेना. तुझं बरं आहे, तुला कवळीच नाही.

रागावू नकोस, पण एकदा बोलूनच टाकतो. मला तुझा हेवा वाटतो. ब्रह्मदेशच्या लढाईत आपला रस्ता एक, लॉरी एक, सुरुंगही एकच. तुझ्या वरच्या जबड्याचं हाड अर्ध्याहून जास्त गेलं, माझं अर्ध्याहून जरा कमी. कवळी धरायला तुझ्या तोंडात हाडच उरलं नाही, म्हणून पेन्शन ठरवणाऱ्या डॉक्टरांच्या बोर्डानं तुला पन्नास टक्के अपंग ठरवलं. माझ्या टाळूला मात्र कवळी घट्ट बसवली आणि गावाचं नाव विचारलं. मी मूर्खासारखा खणखणीत "ढोकी" म्हणालो आणि वीस टक्क्यांवर आलो.

उमरग्याच्या बाजारात तुला बघून लोक उठून जागा देतात म्हणे. इथं माझ्या पाठीमागं म्हणतात, दगडोबाला काय धाड भरली आहे, चांगला बोलतो-चालतो की!

चैत्रात माझी फेरतपासणी आहे. तिथं मी कवळी न लावता जाणार. कवळी बसत नाही, हिरडी सोलते आणि याचं बोलणं कुणालाही कळत नाही, एवढं तू साक्षीदार म्हणून लिहून दे. मी सरावही सुरू केला आहे. संक्रांतीपासून कवळी तांब्यात पडून आहे.

एवढं काल दुपारी लिहून ठेवलं होतं. पुढचं आज लिहितो आहे. हे वहिनींना वाचून दाखवू नकोस. पण त्या घोगऱ्या आवाजात तू वाचलंस तरी त्यांना कळतं, हेच तर माझं दुखणं आहे.

बोर्डाचा दिवस आठव. तू घशातून काहीतरी घोगरं काढायचास आणि वहिनी पदर सावरून डॉक्टरांना सांगायच्या, "त्यास्नी गार पाणी लई झोंबतंय म्हणत्यात." एकदा तू काहीतरी पुटपुटलास आणि त्या डॉक्टरांना काहीच न सांगता नुसत्या हसल्या. मी बाकावर बसून बघत होतो. तुझे पन्नास टक्के एकवेळ मी विसरेन, ते हसू विसरत नाही. तोंडाचा चुराडा झालेल्या माणसाकडं बघून कुणी असं हसतं? आणि मी साफ बोलणारा गडी, तर माझी मथुरा मी जेवायला बसलो की चुलीकडं तोंड करून बसते. मी पंचा तोंडाआड धरून घास गिळतो. घरी आल्यापासून हे असंच चाललं आहे.

काल जेवताना तिची तशीच पाठ दिसली आणि अंगाचा तिळपापड झाला. तोंडात कवळी नव्हती. म्हटलं, कुणाला काय कळतंय! सगळं ओकून टाकलं. "माझं तोंड बघवत न्हाय तर जा सास्तूरला, तुझ्या बापाकडं. दुसरा घरोबा कर, जा!"

आई म्हणाली, "काय म्हणतुय ह्यो? कालवण पायजे का?"

मथुरेनं तवा उतरवला. वळली आणि सरळ माझ्या तोंडाकडं बघितलं.

"जाते की. पर कवळी लावा अन् हेच पुन्यांदा म्हणा. आत्याबाईंना बी कळू द्या. पंचा तुमी आडवा धरला, म्हणून म्या पाठ फिरवली."

मी तांब्यातली कवळी काढून लावली. तोंड उघडलं. महांतप्पा, ज्या तोंडानं बोर्डापुढं खणखणीत बोललो त्याच तोंडातून एक शब्द फुटला नाही.

तिनं गाठोडं बांधून उंबऱ्याशी ठेवलं आहे. ती गेली नाही, आणि गाठोडं सोडलंही नाही. मी काहीतरी बोलावं म्हणून थांबली आहे.

साक्षीचं राहू दे. माझं बिनकवळीचं बोलणं आईला नाही, पण मथुरेला अक्षरन् अक्षर कळतं, मग कुणालाच कळत नाही असं तुझ्या हातून कसं लिहवून घेऊ? वीस तर वीस.

फक्त एक कर. त्या दिवशी वहिनी हसल्या, तेव्हा तू त्यांना काय म्हणाला होतास, ते उलट टपाली कळव. मला ते मथुरेला म्हणून बघायचं आहे. तोवर पंचा खुंटीला टांगून ठेवला आहे.

तुझ्यावर अजूनही जळणारा, तुझाच
वीस टक्के दगडोबा