दुसऱ्यांच्या मापाच्या खिडक्या

२ फेब्रुवारी २००६

अमरसिंग मिस्त्री आज ओळंबा हातात धरून माझ्यावर हसला. म्हणे, इतकी घरं बांधली पण असा घरमालक पाहिला नाही! "आसिमभाऊ, लोकं खिडकी पाहून ग्रिल बनवतात. तुमी ग्रिल पाहून खिडकी ठेऊन राह्यले."

हसू दे. दुकानामागे ग्रिलांची रांग लागली आहे, तिचं काय करू? लोक सांगून गेले, थोडाफार इसार देऊन गेले, आणि न्यायला कोणी आलंच नाही. कापसाचा भाव पडला, चुकारे अडकले. कोणाचं घर जोत्यावर थांबलं, कोणाचं खिडकीपर्यंत येऊन थांबलं. घर थांबलं की ग्रिल माझ्याकडे पडून. लोखंड माझं, मेहनत माझी, गंजही माझाच! मग स्वतःच्या घराला नवं लोखंड कशाला घेऊ? स्वयंपाकघराला उगवता सूर्य लावणार. तो एका कंपाउंडरने सांगितला होता, त्याची बदली झाली. मागच्या खोलीला वेलबुट्टी. खिडक्या सगळ्या वेगवेगळ्या मापाच्या होणार. होऊ देत.

दारव्ह्यातल्या अर्ध्या खिडक्या माझ्या हातच्या. आम्ही राहतो ती थोरल्या भाईंच्या घरातली मागची खोली, तिला खिडकीच नाही. लग्नापासून फरहा दिवसा दिवा लावून स्वयंपाक करते. लाईन गेली की अंधारात.

६ फेब्रुवारी

फरहाला भिशी लागली! लगेच सिमेंट आणलं. गोणी परत महागली आहे. बँकेचं कर्ज काढलं असतं तर एव्हाना रंग झाला असता, पण जफरभाई म्हणाले, "ब्याज का घर मत बांध." थोरल्या भावाचं ऐकलं. आता घर भिशी-भिशीने चढतंय, बायकांच्या चिठ्ठ्यांवर.

९ फेब्रुवारी

फरशीवरून भांडण. तिला चकाकणाऱ्या पांढऱ्या टाइल्स, मला शहाबादी. मी म्हटलं, टाइल्सवर पाय घसरेल. ती म्हणाली, "वीस साल अंधेरे में नहीं फिसली, उजाले में फिसलूँगी?"

१४ फेब्रुवारी

आज डबा घेऊन फरहा दुकानात आली आणि नको तिथे तिची नजर गेली. मोरांच्या ग्रिलवर.

"ये हमारे सामने के कमरे को."

नाही म्हटलं. ते बेबीताईंचं आहे. जीपने अर्ध्या तासावरच्या गावातल्या. नवरा घनश्यामभाऊ बाहेर बाकावर विडी ओढत बसला होता आणि या बाईने माझ्या फरशीवर खडूने स्वतः मोर काढून दाखवले होते. दोन मोर समोरासमोर. पण उजव्याची मान वळलेली, मागे पाहणारी. मी म्हटलं, ताई, दोन्ही सारखे असले की शोभतात. तर म्हणाल्या, "नाही बाप्पा. एकानं तरी मांगं पाहावं. मांगून कोण येऊन राह्यलं, ते कोण पाहीन?" शेळी विकून अर्धे पैसे ठेवून गेल्या. जाताना बजावलं, "मी न्याले येतो. दुसऱ्या कोणाले देऊ नका."

त्यालाही दोन दिवाळ्या झाल्या. ती मान वाकवायला मला किती वेळा लाल करावी लागली सळई! आजवर हातून झालेलं सगळ्यात देखणं काम आहे ते. आणि ते पोत्याखाली पडलंय.

२० फेब्रुवारी

अमरसिंग अडून बसला. "समोरच्या भिंतीचं माप द्या, नाही तं मी दुसरं काम धरतो." मी म्हटलं, दोन दिवस थांब.

कपिलला निरोप दिला. तो त्या गावची जीप चालवतो. "बेबीताईंना विचार — न्यायचं आहे की मी देऊन टाकू?"

२२ फेब्रुवारी

कपिल म्हणे, विचारलं. काही बोलल्या नाहीत, मान हलवली.

"अरे, कशी हलवली? हो म्हणून की नाही म्हणून?"

"मले काय माहीत? मी स्टेअरिंगवर होतो!"

२३ फेब्रुवारी

माप दिलं. पाच बाय चार. मोरांचं.

१२ मार्च

लाईन सकाळी जाते ती दुपारनंतर येते. वेल्डिंगचं मशीन म्हणजे नुसता दगड. दिवसभर दुकानात बसून राहायचं आणि बांधकामावर अमरसिंग विचारणार, दरवाजा कधी? डोकं फिरतं. बसवत नाही, उठवत नाही. दुकानातून घरी, घरून प्लॉटवर, प्लॉटवरून दुकानात — नुसत्या येरझाऱ्या. फरहा म्हणते, पायाला चाकं लावून घे, तुझ्या घरी वेल्डिंग फुकट आहे.

१९ मार्च

मोर बसले! दुपारच्या उन्हात त्यांची सावली पार आतल्या भिंतीपर्यंत गेली. फरहा सावलीतच खाली बसली आणि कितीतरी वेळ उठलीच नाही. मला छान वाटलं. छाती भरून आली, खरंच. नंतर जेवताना बेबीताईंचं बजावणं आठवलं.

३ एप्रिल

स्लॅब झाला. मजुरांना मटण. आता प्लास्टर.

१६ एप्रिल

भाई पहिल्यांदाच घर बघायला आले. मला वाटलं, खूश होतील. सगळं फिरून पाहिलं, ओट्याच्या कडप्प्यावर हात फिरवला, आणि समोरच्या खोलीत येऊन थबकले.

"ये क्या लगाया? जानदार चीज? इसके सामने नमाज पढ़ेगा?"

मी म्हटलं, भाई, लोखंडाच्या मोरात जान कुठली? असती तर दोन वर्षांत एकदा तरी ओरडला असता! ते हसले नाहीत. "राहायला येशील त्या दिवशी कुराण वाचायला, कुराणखानीला, मला बोलवू नको," म्हणाले आणि चपला घालून निघाले.

अब्बांनी भाईंना उर्दू शाळेत घातलं आणि मला मराठी शाळेत. का, ते त्यांनाच ठाऊक. तेव्हापासून आम्हा दोघांचं हे असंच चालतं. पण अब्बांनंतर मला भाईंनीच वाढवलं. ते उंबऱ्यात आले नाहीत तर त्या घरात मला झोप लागायची नाही.

१८ एप्रिल

भाईंनी मौलानांना विचारलं. ते म्हणाले, "सर निकाल दो, फिर झाड जैसा हो गया, फिर चलता है." म्हणजे डोकी कापायची. झाडाला जान नसते का, हे मी विचारलं नाही.

२० एप्रिल

कापली. दोन्ही डोकी. लाईन होती तेवढ्यात ग्राइंडर फिरवला. मानांच्या जागी पानं जोडली, पिसाऱ्याच्या खाली कुंडी. कापलेले तुकडे भंगारात गेले. आता दोन झुडपं दिसतात. भाई येऊन पाहून गेले. "माशाअल्लाह," म्हणाले, खांद्यावर हात ठेवला. कुराणखानीला सगळ्यांच्या आधी येणार म्हणतात.

फरहा आत डोकावली आणि मागे फिरली. त्या खोलीत यायचंच टाळते.

आणखी एक. ग्राइंडर हातात घेताना मनात आलं — डोकी गेली की हे बेबीताईंचं राहणार नाही. कोणी विचारलं तर म्हणता येईल, कुठे आहेत मोर? भाईंचं नाव पुढे करून माझीच सोय झाली. खोटं कशाला लिहू? लाज वाटते.

२७ एप्रिल

बेबीताई आल्या.

बाजाराचा दिवस. मी पट्टी कापत होतो. समोर उभ्या, डोक्यावर पदर, हातात रुमालाची पुरचुंडी. चष्मा लागलाय. "ओळखलं का, आसिमभाऊ? लय उशीर झाला बाप्पा. पण आली. मोर कुठी हायेत?"

मी म्हटलं — रंगाला दिलेत.

इतक्या पटकन जिभेवर आलं! मीच दचकलो.

त्या खूश. "निळा देजा बरं गळ्याले. हिरवा पिसाऱ्याले." मी विचारलं, कपिलने फेब्रुवारीत निरोप दिला होता ना? "हो, देल्ला. म्या मान हालवून सांगतलं ना, देऊ नका म्हणून."

मी विचारलं, "खिडकीची जागा ठेवलीये?"

"ठेवली ना. तुमच्याच मापाची."

पैसे पुढे केले. घेतले नाहीत. म्हटलं, नेताना द्या. पंधरा दिवसांनी मीच आणून देतो, बसवूनही देतो. चहा पिऊन गेल्या.

२८ एप्रिल

फरहाला सगळं सांगितलं. वाटलं होतं, ओरडेल. भाकरी थापतच राहिली. मग म्हणाली, "मुझे तो उसी दिन लगा था, ये खिडकी अपनी नहीं."

मागितली होती कोणी? हे मनातल्या मनात.

२ मे

नवीन ग्रिल करायला घेतलं. मान जमेना. सळई लाल केली, वाकवली — बगळा झाला. परत केली — बदक! तेव्हा हात कसा वळला होता कोणास ठाऊक. त्या खडूच्या रेघा समोर होत्या म्हणून असेल. आता फरशीवर नुसतं तेल आहे. भाव तर असा, की वाया गेलेली प्रत्येक सळई भिंतीतून काढल्यासारखी वाटते.

५ मे

तिसरीही वाया.

६ मे

काल दिवसभर एकच गोष्ट डोक्यात. त्या भिंतीतल्या ग्रिलात अर्धं लोखंड बेबीताईच्या शेळीचं आहे. मान नवी लावीन, पण अंग तिचंच पाहिजे. दुसरं काही केलं तरी ते तिचं नाही.

सकाळी छन्नी-हातोडा घेऊन गेलो आणि नव्या प्लास्टरवर पहिला घाव घातला. अमरसिंग धावत आला, "येडे झाले का बे! काल पुट्टी मारली ना!" मी थांबलो नाही. शेवटी त्यानेच हातोडा हिसकावला. "सरका. तुमी तं भिंतच पाडसान." त्याने कोपरे सोडवले, दोघांनी मिळून उतरवलं.

भिंतीला पाच बाय चारचं भगदाड. फरहाने युरियाची पोती उसवून त्यावर ताणली.

९ मे

पानं, कुंडी काढून नवी डोकी जोडली. उजव्याची मान या वेळी पहिल्या झटक्यात वळली. का, ते विचारू नये. गळ्याला निळा, पिसाऱ्याला हिरवा.

११ मे

आज आम्ही राहायला आलो. कुराणखानी झाली. सगळ्यांच्या आधी भाई. पोत्यासमोर उभे राहिले.

"मैंने सर बोला था, आसिम. खिडकी नहीं बोला था."

मग त्यांना बाहेर नेऊन सगळं सांगितलं. बेबीताईंनी हलवलेली मान, ग्राइंडर, रंगाला दिल्याची थाप. भाईंनी दाढीवरून हात फिरवला. वाटलं, आता निघून जातात. म्हणाले, "तो मुझे पहले क्यूँ नहीं बताया? पराई चीज है बोलता, तो मैं सर की बात ही क्यूँ करता?" जेवून, हात धुवून, सगळ्यात शेवटी गेले. जाताना पोत्याचा सुटलेला कोपरा त्यांनीच खिळ्यात अडकवला.

रात्री गरम वारा पोतं फुगवत होता. फरहा जागीच होती, मीही.

१३ मे

उद्या ग्रिल पोचवायचं. कपिलची जीप सांगितली. सिमेंटची अर्धी गोणी, थापी, ओळंबा सोबत घेतला. बसवून, साधून, पाणी मारूनच परत येणार. बेबीताईंना खरं सांगायचं की नाही, अजून ठरत नाही. सांगेन. त्या भिंतीत ग्रिल पक्कं बसलं की सांगेन.

१४ मे

तिथे भिंतच नाही.

नुसतं जोतं. त्यावर मिरच्या वाळत घातलेल्या, एका कोपऱ्यात कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांचा ढीग. शेजारी जुनी झोपडी, दारात घनश्यामभाऊ बाजेवर पडलेले. मी ओळंबा हातात घेऊन उभाच. म्हटलं, ताई, जागा ठेवलीये म्हणाल्या होतात! त्यांनी जोत्यावर बोट दाखवलं. "हे काय. इथंच तं ठेवली."

मग बाजेकडे पाहून हळू आवाजात म्हणाल्या, "ह्यायचं मन उठलं घरावरून. मोर डोळ्यापुढं राह्यले तं भिंत बांधाच लागन ना?"

मीही तिथेच सगळं सांगून टाकलं. त्यांनी मोरांच्या मानेवर, सांध्यावर बोट फिरवलं. "जुळली ना पण," एवढंच म्हणाल्या.

मी आणि कपिलने मिरच्या सरकवून ग्रिल जोत्यावर उभं केलं. वाऱ्याने ते डोलायला लागलं. घनश्यामभाऊ बाजेवरून उठले, झोपडीमागून विटा आणल्या आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी एकावर एक लावत बसले.